टीबीच्या गोळ्या आणि ईसीजीची पट्टी: माझे अठरा महिने

मागच्या आठवड्यात माझी सहा महिन्यांनंतरची तपासणी झाली, सगळं ठीक आलं, आणि तेव्हापासून मनात होतं की हे एकदा सविस्तर लिहून काढायचं. कारण डिसेंबर २०२३ मध्ये मला जेव्हा सांगितलं की तुमचा टीबी साध्या औषधांना दाद देणारा नाही, वेगळा कोर्स लागेल आणि त्यात दर महिन्याला हृदयाचा ईसीजी काढावा लागेल, तेव्हा मी रात्रभर मोबाईलवर मराठीत काही सापडतंय का बघत बसले होते आणि जे सापडलं त्यानं भीती वाढलीच. फुफ्फुसाच्या आजाराला हृदयाची तपासणी का, हेच मला कळत नव्हतं. ज्यांना आत्ता हा कोर्स सुरू होतोय त्यांच्यासाठी लिहितेय. मी डॉक्टर नाही, बार्शीत एका पतसंस्थेत काम करते, जे माझ्यासोबत झालं तेवढंच सांगते.

खोकला ऑक्टोबर २०२३ पासून होता. दिवाळीची साफसफाई, धूळ, असं म्हणून दोन वेळा अँटिबायोटिक घेतलं. दुसऱ्यांदा जे दिलं होतं ते लिव्होफ्लॉक्सासिन, त्यानं आठ-दहा दिवस बरं वाटलं आणि खोकला परत आला. नंतर कळलं की हे औषध टीबीच्या जंतूवरही थोडंफार चालतं, त्यामुळे आजार काही दिवस झाकला जातो आणि निदानाला उशीर होतो. वजन चार किलो उतरलं तेव्हा नवऱ्यानं हट्टानं एक्सरे काढायला लावला, ती तारीख २७ नोव्हेंबर. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात थुंकीचे दोन नमुने दिले, सीबीनॅटचा, म्हणजे टीबीचा जंतू आणि तो मुख्य औषधाला दाद देतो का हे एकदम दाखवणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट दोन दिवसांत आला. टीबी आहे, आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला तो जुमानत नाही.

मग निक्षयवर, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाईन नोंदणीवर, माझा आयडी तयार झाला. यासाठी आधार, बँक पासबुकची झेरॉक्स आणि मोबाईल नंबर लागतो, पासबुक आधारला जोडलेलंच द्या, कारण पोषण आहाराचे पैसे थेट खात्यात येतात आणि खातं जोडलेलं नसेल तर ते अडकतात. माझे पहिले दोन हप्ते असेच अडकले होते. तेव्हा महिन्याला ५०० मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले.

पुढचा नमुना पुण्याच्या लॅबला गेला, आणखी कोणत्या औषधांना जंतू दाद देत नाही ते बघायला. त्या रिपोर्टला बावीस दिवस लागले आणि ते बावीस दिवस माझ्या सगळ्या आजारपणातले सगळ्यात वाईट. लेक तेव्हा पाच वर्षांची, तिला माझ्याजवळ झोपायचं असायचं आणि मी मास्क लावून दुसऱ्या खोलीत. घरातल्या सगळ्यांचे एक्सरे झाले, सगळे क्लिअर आले, देवाची कृपा. रिपोर्टमध्ये जंतूतले असे दोन्ही बदल सापडले ज्यांमुळं तो आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधालाही जुमानत नाही, म्हणून नऊ-अकरा महिन्यांचा छोटा कोर्स मला चालणार नव्हता, अठरा महिन्यांचा मोठा लागणार होता. एसटीएस साहेबांनी, म्हणजे टीबी विभागातल्या उपचार पर्यवेक्षकांनी, फोनवर सांगितलं, "ताई, सोलापूरला या, तिथं तपासण्या होतील, आठ दिवस राहायच्या तयारीनं या."

बार्शी-सोलापूर वैरागमार्गे साधारण सत्तर किलोमीटर. बायकांना एसटीला अर्धं तिकीट आहे, त्यामुळे एका बाजूचे पन्नासच्या आसपास जायचे. औषधं पूर्ण फुकट, सरकारी ईसीजी फुकट, केसपेपरचे दहा रुपये. माझा खरा खर्च झाला तो नवऱ्याच्या तिकिटाचा, त्याच्या बुडालेल्या दिवसांचा आणि बाहेर केलेल्या काही रक्ततपासण्यांचा.

२ जानेवारी २०२४ ते ५ जानेवारी, चार दिवस नुसत्या तपासण्या. रक्त, लिव्हर, किडनी, थायरॉईड, साखर, एचआयव्ही, डोळे, प्रेग्नन्सी टेस्ट, आणि मग पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम. मॅग्नेशियम तिथं होत नव्हतं, बाहेर करावं लागलं, पोटॅशियमसकट सातशे रुपये गेले. मग ईसीजी. तिथल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, घरात कुणी तरुण वयात अचानक गेलंय का, तुला कधी चक्कर येऊन शुद्ध हरपलीय का, ब्लडप्रेशरची वगैरे गोळी चालू आहे का. मी म्हणलं मॅडम, मला छातीचा टीबी आहे, हार्टचं काही नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि मला नीट समजावून सांगितलं, ओपीडीत बाहेर रांग असताना. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला त्याच्या स्नायूत विजेचा एक झटका येतो आणि तो झटका ओसरून स्नायू पुढच्या ठोक्यासाठी परत तयार व्हावा लागतो. तयार होण्यासाठी पेशीतून पोटॅशियम बाहेर जावं लागतं, त्याच्यासाठी पेशीच्या भिंतीत बारीक वाटा असतात. काही औषधं नेमक्या त्या वाटा थोड्या अडवतात. मग तयार व्हायला वेळ जास्त लागतो. ईसीजीच्या पट्टीवर ठोका सुरू झाल्यापासून ती शेवटची गोल टेकडी संपेपर्यंतचं जे अंतर, त्याला क्यूटी म्हणतात, ते लांबतं. मॅडम म्हणल्या, "तुमच्याकडं हापसा आहे ना? दांडा पूर्ण वर यायच्या आत परत दाबला तर काय होतं?" मी म्हणलं पाणी येत नाही, नुसता खडखडाट होतो. "तसंच. क्यूटी फार लांबला तर मध्येच अवेळी एखादा ठोका पडतो आणि हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढं जात नाही. क्वचित होतं, पण होऊ नये म्हणूनच आपण महिन्याला बघतो."

माझ्या पाच औषधांपैकी तीन अशी होती: बेडाक्विलिन, क्लोफाझिमिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन. उरलेली दोन, लिनेझोलिड आणि सायक्लोसेरिन, त्यांचे त्रास वेगळे. तिन्ही मिळून परिणाम वाढतो हे डॉक्टरांना आधीच माहीत असतं, तरी देतात कारण या जंतूवर हीच चालतात. आधी याच आजाराला कित्येक महिने रोज इंजेक्शनं द्यायचे आणि त्यानं लोकांचे कान जायचे. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांची श्रवणशक्ती अशीच टीबीच्या इंजेक्शनांनी गेली, आणि त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासोबत बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत वाढवायला विरोध केला, मार्च २०२३ मध्ये आपल्या पेटंट कार्यालयानं तो वाढीव अर्ज फेटाळला. मी वॉर्डात पडून हे वाचलं तेव्हा माझ्या हातातल्या डबीकडं बघायची माझी नजर बदलली.

पहिला ईसीजी: क्यूटीसी ४२० मिलिसेकंद. हा 'सी' म्हणजे नाडीच्या वेगाप्रमाणे दुरुस्त केलेला आकडा. मला सांगितलं की बायकांचा मुळातच पुरुषांपेक्षा थोडा जास्त असतो, आणि म्हणून बायकांना या त्रासाचा धोकाही जास्त. ५०० च्या वर गेला तर औषध थांबवायचं. हा आकडा मी हातावर पेनानं लिहून घेतला होता.

८ जानेवारीला, सोमवारी, पहिला डोस. बेडाक्विलिनची डबी १८८ गोळ्यांची असते. पहिले चौदा दिवस रोज चार, म्हणजे छप्पन्न, मग बावीस आठवडे आठवड्यातून तीनदा दोन-दोन, म्हणजे एकशे बत्तीस. हिशोब बरोबर जुळतो. गोळी भरल्या पोटी घ्यायची, जेवणात थोडं तेल-तूप हवं, म्हणजे अंगी नीट लागते. मी भाकरीवर शेंगाचटणी आणि वरून तेल घ्यायचे. लिव्होफ्लॉक्सासिन मात्र दुधासोबत किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधासोबत घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं. हे कागदावर लिहून किचनच्या भिंतीला चिकटवलं, कारण सासूबाई प्रेमानं गोळीसोबत दुधाचा ग्लास आणून ठेवायच्या.

दोन आठवड्यांचा ईसीजी २२ जानेवारीला ठरला होता. त्या दिवशी राज्यभर सुट्टी जाहीर झाली, ओपीडी बंद, म्हणून २३ तारखेला गेलो. एसटी उशिरा पोचली, रिक्षातून उतरून जिना पळत चढले कारण बारानंतर ईसीजी घेत नाहीत असं कुणीतरी सांगितलेलं, आणि तशीच धापा टाकत टेबलवर झोपले. मशीननं वर छापलं, क्यूटीसी ५१४.

मी वाचलं आणि माझे हातपाय गार पडले. ईसीजीवाल्या दादांना विचारलं तर ते म्हणले मॅडमना दाखवा. मॅडमसमोर एकोणीस पेशंट. दीड तास मी त्या बाकड्यावर बसून, मुलीला कोण बघेल, नवरा दुसरं लग्न करेल का, इथपर्यंत विचार करून आले. आत गेल्यावर मॅडमनी पट्टी हातात घेतली, वरचा छापलेला आकडा बघितलाच नाही, स्केल लावून बारीक चौकोन मोजले. मोबाईलवर गणित केलं. म्हणल्या, "तुझी नाडी ११० होती. मशीन बॅझेटच्या सूत्रानं मोजतं, नाडी जोरात असली की ते आकडा फुगवतं. आम्ही फ्रिडेरिशियाचं धरतो, त्यानं ४६५ येतो. आता अर्धा तास शांत बस, पाणी पी, परत काढू." परत काढला, नाडी ८७, आकडा ४४१.

म्हणून हे नीट लक्षात ठेवा, ईसीजीच्या आधी वीस मिनिटं तरी शांत बसा, पळत जाऊन झोपू नका. मशीनवर छापलेला आकडा बघून घरी जाऊन रडू नका, डॉक्टरांना विचारा की तुम्ही हातानं मोजलाय का आणि कोणत्या सूत्रानं. ही दोन्ही सूत्रं १९२० सालची आहेत पण जोरात चालणाऱ्या नाडीत त्यांच्या उत्तरात चांगलाच फरक पडतो. प्रत्येक पट्टीची त्याच दिवशी झेरॉक्स काढा किंवा फोटो घ्या, कारण ती पट्टी उष्णतेनं उमटणाऱ्या कागदावर असते, हळूहळू पुसट होते. माझी जानेवारीची मूळ पट्टी आज जवळपास कोरी दिसते.

फेब्रुवारीत ४४९. ठीक होतं. चेहरा आणि हात लालसर काळपट पडायला लागले होते, ते क्लोफाझिमिनमुळं, लोक विचारायचे उन्हात काम करतेस का. त्याचा त्रास मला आजारापेक्षा जास्त झाला असं म्हणलं तरी चालेल, पण त्यावर वेगळं लिहीन कधीतरी. रंग नंतर हळूहळू उतरतो एवढं आत्ता सांगते.

आता मार्च. याच्यासाठीच खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

१४ मार्चला मला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. ऊन वाढलं होतं, एका कार्यक्रमात जेवण झालं होतं, त्यातलंच काहीतरी. घराजवळच्या एका दवाखान्यात गेले, तिथं उलटीचं इंजेक्शन दिलं, घरी घ्यायला उलटीच्याच गोळ्या आणि तीन दिवस अ‍ॅझिथ्रोमायसिन ५००. मी टीबीचं औषध चालू आहे एवढं सांगितलं होतं, पण कोणतं ते सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही, आणि टीबीचं कार्ड घरी कपाटात. अ‍ॅझी तर आपल्याकडे घसा दुखला तरी घरोघरी घेतात, त्यात काही वावगं असेल असं डोक्यातच आलं नाही. तीन दिवस खाणं जवळजवळ नाही, जुलाब चालू, आणि मी ठरल्या दिवशी बेडाक्विलिनसुद्धा घेतलं, कारण चुकवायचं नाही हे डोक्यात पक्कं होतं.

१८ मार्च, सोमवार, महिन्याच्या ईसीजीची तारीखच होती. सकाळी स्टँडवर उभी असताना छातीत एकदम फडफडल्यासारखं झालं, एक-दोन सेकंद, आणि डोळ्यासमोर अंधारी आली, खांबाला धरून उभी राहिले. नवरा म्हणाला परत घरी जाऊ, झोप, उद्या जाऊ. मी म्हणलं नको, आज तारीख आहे. आजही त्या वाक्याचा विचार आला की अंगावर काटा येतो. गेलो. या वेळी मी शांत बसले होते, नाडी ८० होती, मॅडमनी स्केलनं दोनदा मोजलं. ५०६.

पुढच्या दहा मिनिटांत मी व्हीलचेअरवर होते. रक्त घेतलं, पोटॅशियम २.८ आलं, ते कमीत कमी ३.५ तरी हवं. मॅडमनी पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलवर ओतायला लावल्या आणि एकेक बाजूला काढली. उलटीचं जे इंजेक्शन आणि गोळी होती ते ऑनडॅनसेट्रॉन, तेही क्यूटी लांबवतं. अ‍ॅझिथ्रोमायसिनसुद्धा लांबवतं, अमेरिकेच्या एफडीएनं २०१३ मध्येच त्याबद्दल इशारा दिलेला आहे. म्हणजे आधीची तीन, त्यात ही दोन, आणि उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम वाहून गेलेलं. मॅडम म्हणल्या, "धडधाकट माणसानं तीन दिवस अ‍ॅझी घेतली तर बहुतेकांना काही होत नाही. तुझ्याकडं एकावर एक सहा गोष्टी चढल्या." मला त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांवर राग आला होता, अजूनही थोडा आहे, कारण कोणतं औषध चालू आहे हा एक प्रश्न पुरला असता. पण कार्ड माझ्याकडंच होतं हेही खरं.

पाच दिवस मी मॉनिटरवर होते. टीबीच्या सगळ्याच गोळ्या तात्पुरत्या बंद केल्या, कारण म्हणे पाचातली तीन काढून नुसत्या दोन चालू ठेवल्या तर जंतू त्या दोघींनाही सरावतो. सलाईनमधून पोटॅशियम सोडलं, ते शिरेत अक्षरशः आग होऊन जातं, खूप दुखलं तर सिस्टरना सांगा, त्या वेग कमी करतात, सहन करत बसायची गरज नाही. मॅग्नेशियमही दिलं, मला सांगितलं की मॅग्नेशियम कमी असलं तर पोटॅशियम कितीही दिलं तरी टिकत नाही. मग पोटॅशियमचं सिरप, त्याची चव इतकी वाईट की पहिल्यांदा उलटीच आली, नंतर एका सिस्टरनी ग्लासभर थंड पाण्यात मिसळून हळूहळू प्यायला शिकवलं. रोज सकाळी ईसीजी. ४९१, ४७८, ४६६.

रात्री वॉर्डात मॉनिटरचा आवाज चालू असायचा आणि प्रत्येक वेळी तो जरा बदलला की मी उठून बसायचे. शेजारच्या कॉटवर एक आजी होत्या, त्या म्हणायच्या, "झोप गं बाई, ते यंत्र जागं हाय की." त्या आजींमुळं मी झोपले.

२२ मार्चला आकडा ४६१ आणि पोटॅशियम ४.१. डॉक्टरांनी मिळून ठरवलं की औषधं परत सुरू करायची, आधी बेडाक्विलिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन बाकीच्या दोघांसोबत, आठवड्यानं क्लोफाझिमिन. मला वाटलं होतं की आता हे औषध कायमचं बंद होणार, आणि खरं सांगते, मनातून मला तेच हवं होतं. मी विचारलंसुद्धा की मॅडम, सोडून देऊ का हे. त्या म्हणल्या, "हृदयाचा धोका आपल्याला मोजता येतो, रोखता येतो. टीबी अर्धवट सोडलास तर मग माझ्या हातात फार काही उरत नाही." २३ तारखेला घरी सोडलं, दुसऱ्या दिवशी होळी होती, लेकीनं दारातच मिठी मारली.

त्यानंतर महिनाभर दर आठवड्याला ईसीजी. प्रत्येक वेळी सोलापूरला जाणं जमेना, म्हणून मॅडमच्या परवानगीनं मधले दोन बार्शीत खासगीत काढले, २५० रुपये एकाचे, आणि फोटो पाठवला. इथं एक टीप, फोटो पाठवताना पट्टी सपाट टेबलवर ठेवून वरून सरळ काढा, तिरका काढला तर चौकोन मोजता येत नाहीत, माझा पहिला फोटो त्यामुळं परत मागवला होता. आकडे ४५५ ते ४७० मध्ये फिरत राहिले. ४७० आला त्या आठवड्यात परत झोप उडाली, पण पोटॅशियम बघितलं, ठीक होतं, थांबलो, पुढच्या वेळी खाली आला.

त्या काळात मी काय बदललं ते सांगते. रोज एक केळं, जमेल तेव्हा नारळपाणी, अर्थात किडनीचा त्रास असलेल्यांनी हे विचारल्याशिवाय करू नये, त्यांना उलटंच होतं. जुलाब किंवा उलटी एक दिवस जरी झाली तरी सेंटरला फोन. आणि एक कार्ड बनवलं. आधारएवढ्या पुठ्ठ्यावर निळ्या पेनानं लिहिलं: माझं बेडाक्विलिन, क्लोफाझिमिन, लिव्होफ्लॉक्सासिन चालू आहे, क्यूटी लांबतो, कृपया अ‍ॅझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, ऑनडॅनसेट्रॉन, डोम्पेरिडोन देण्याआधी या नंबरवर फोन करा. डोम्पेरिडोन अ‍ॅसिडिटीच्या जोडगोळ्यांत सर्रास असतं, ते मेडिकलमधून आपण स्वतःच घेतो, म्हणून मुद्दाम लिहिलं. कार्ड लॅमिनेट करायला वीस रुपये. एक पर्समध्ये, एक नवऱ्याच्या पाकिटात, एक आशाताईंकडं. ज्यांना इंग्रजी वाचता येतं त्यांनी क्रेडिबलमेड्सची यादी नेटवर बघावी, क्यूटी लांबवणारी औषधं तिथं धोक्याप्रमाणे वेगवेगळ्या गटांत दिलेली आहेत आणि ती फुकट आहे.

आशाताईंचं नाव काढलं म्हणून सांगते, अठरा महिने त्या बाईनं मला रोज विचारलं, "घेतली का?" पावसात सुद्धा. निक्षयवर नोंद चुकली की त्याच पळायच्या.

मार्चमध्ये चुकलेले डोस पुढं ढकलून जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात बेडाक्विलिनची डबी संपली. मला वाटलं होतं आता आकडा झटकन खाली येईल. तसं होत नाही. हे औषध शरीरात महिनोन् महिने रेंगाळतं, निम्मं कमी व्हायलाच पाच-साडेपाच महिने जातात, आणि क्लोफाझिमिनही सावकाशच उतरतं. त्यामुळं ईसीजी बंद केले नाहीत, कार्डही काढलं नाही. ऑगस्टमध्ये लिनेझोलिडनं तळपायाला मुंग्या यायला लागल्या, डोस निम्मा केला. सायक्लोसेरिननं काही आठवडे मन फार खचलेलं असायचं, तेही डॉक्टरांना सांगितलं, सांगायला हवंच, लाजू नका. पतसंस्थेत मी एप्रिल २०२४ पासूनच परत जायला लागले होते, थुंकीचं कल्चर निगेटिव्ह, म्हणजे त्यात टीबीचे जंतू वाढले नाहीत, असा कागद दाखवून. दोघीजणी तरी शेजारी डबा खायला बसत नव्हत्या. आता बसतात.

बाकीचं वर्ष असंच गेलं, ईसीजी, थुंकी, रक्त, एसटी. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं तिकीट वाढलं. आकडे ४५० च्या खाली स्थिरावले. शेवटचा डोस १० जुलै २०२५ ला घेतला, आषाढी नुकतीच झाली होती आणि पंढरपूरहून परतणाऱ्या लोकांनी गाड्या भरलेल्या, मी सोलापूरहून वैरागपर्यंत उभी आले आणि मला अजिबात दमायला झालं नाही, ते मला वैरागला सीट मिळाल्यावर लक्षात आलं. आजार सुरू झाला तेव्हा घरचा जिना चढतानाही मला दम लागायचा.

फाईलमध्ये एकूण एकतीस ईसीजी आहेत. परवा, जानेवारी २०२६ मध्ये, बत्तिसावा काढला, ४२४. डिसेंबरात घसा धरला होता तेव्हा एका नवीन दवाखान्यात गेले होते, डॉक्टरांनी अ‍ॅझी लिहायला घेतलं, मी कार्ड पुढं केलं. कोर्स संपलाय तरी सांगितलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, फोन लावला, आणि अ‍ॅमॉक्सिसिलिन लिहून दिलं. मग कार्डाचा फोटो काढून घेतला, म्हणाले ठेवतो माझ्याकडं.

पुढची तपासणी जुलैमध्ये आहे, मग दर सहा महिन्यांनी, उपचार संपल्यापासून दोन वर्षांपर्यंत. बार्शीकडून कुणाला जायचं असेल तर सकाळी सहाच्या आसपासची गाडी धरा, ईसीजीची खोली नऊला उघडते पण नंबर आठपासून लागतो, आणि पंखा फक्त उजवीकडच्या बाकड्यावर आहे, तिथं बसून नाडी शांत होऊ द्या आणि मगच आत जा. कार्डावरचा मजकूर कुणाला हवा असेल तर मला विचारा, टाईप करून देते.